एका हाताने उघडणारा चाकू

बिस्किटाचा पुडा एका हाताने उघडून बघा. दात लावायचे नाहीत, गुडघ्यांत धरायचा नाही, कुणाला हाक मारायची नाही. पुडा टेबलावर सरकत राहील आणि तुम्ही त्याच्यामागे. मग गोळ्यांची पट्टी घ्या, दुधाची पिशवी घ्या, साबणाची नवी वडी घ्या. थोड्याच वेळात तुम्ही वैतागून पुडा भिंतीवर फेकाल. माझे पेशंट फेकायचे. भिंतीवर डाग असत.

झाशीतल्या एका रुग्णालयात मी नोकरीभर हेच काम केलं. दारावर पाटी होती, ‘व्यावसायिक चिकित्सा कक्ष’. व्यवसाय हा शब्द वाचून पहिल्या वर्षी निम्मे लोक नोकरी मागायलाच आले. “मैडम, यहाँ काम लगवाते हैं क्या?” बाकीचे मला मालिशवाली समजत. ऑक्युपेशनल थेरपी शिकायला मी नागपूरला गेले, तेव्हा घरच्यांनासुद्धा मी काय शिकते ते सांगता येत नसे. वडील लोकांना सांगत, “डॉक्टरच म्हणा ना, थोडी कमी.”

खरं तर काम सोपं आहे. डॉक्टर विचारतो, कुठे दुखतं? आम्ही विचारतो, काय करायचं आहे? बबीन्याच्या छावणीतला एक निवृत्त हवालदार आला होता, डावा हात मनगटापासून गेलेला. त्याला काय करायचं होतं, तर स्वतःची नाडी बांधायची. बायकोला रोज सांगावं लागतं, म्हणाला, आणि ती गावभर सांगते. आम्ही पायजम्याला पट्टी आणि आकडा लावून दिला, तर संतापला. “नाड़ी मतलब नाड़ी!” शेवटी दातात एक टोक धरून गाठ मारायला शिकला, आणि जाताना मला कडक सलाम ठोकून गेला. एरच गावचा एक मुलगा यायचा, त्याचा हात थरथरायचा. त्याचं लग्न ठरलं होतं. मांडवात नवरीच्या भांगात सिंदूर भरताना हात हलता कामा नये, तेवढा एक दिवस सांभाळा, असं त्याचं म्हणणं. महिनाभर रोज येऊन तो पावडरीने पांढरी रेघ ओढायचा. लग्न पार पडलं, मिठाईचा डबा आला, मुलगा पुन्हा कधी आला नाही. त्याचं काम झालं होतं.

अशी कितीतरी माणसं. पण या दिवाळीला संपादक मंडळींनी “तुमच्या नोकरीतलं काही लिहा” म्हटलं, तेव्हा डोळ्यांसमोर इंदूताईच आल्या. त्यांच्यावर लिहिणं मी बरेच दिवस टाळत होते.

इंदूताई मुलींच्या शाळेत हिंदी आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या, आणि झाशीत मराठी घरं ती किती, त्यामुळे हळदीकुंकवाला, गणपतीला भेट व्हायचीच. यजमान लवकर गेले. मुलगा अभय कॉलेजात असताना बबीन्याहून येणारा टेम्पो उलटला आणि इंदूताईंचा उजवा हात खांद्याच्या जरा खालून कापावा लागला. डायबेटीस आधीपासून होताच.

नकली हात बसवला होता. त्याचं काय होतं ते सांगते. हात इतका वरून गेला असला की नकली हात नुसता जड लोंबतो, त्याने फारसं काही धरता येत नाही. त्यात झाशीचा मे महिना. पट्ट्यांखाली घामोळं उठतं. चार महिन्यांत तो हात दारामागच्या खुंटीला जातो आणि तिथेच राहतो. इंदूताईंचाही गेला.

त्या पहिल्यांदा माझ्या खोलीत आल्या तेव्हा पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, माझ्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून ती दातांनी फाडली आणि मग वळून बसल्या. म्हणाल्या, “शैला, जेवण डाव्या हाताने जमेल. पंगतीत नाही बसणार, घरात बसेन. पण हे दातांनी फाडणं मला सहन होत नाही. कुत्र्यासारखं वाटतं. एवढं एक शिकव.”

मी त्यांना बरंच काही शिकवलं. ब्लाउजची बटणं, वेणीऐवजी चापाचा अंबाडा, खिळे ठोकलेल्या पाटावर बटाटा रोवून सोलणं, बादलीच्या कडेवर पिळा देऊन कपडे पिळणं. त्या शिक्षिका, त्यामुळे गृहपाठ चुकवत नसत. पण त्यांचा मूळ प्रश्न फाडण्याचा होता, आणि त्याला उत्तर एकच, पर्समध्ये मावणारा छोटा चाकू. अंगठ्याने पातं उघडायचं, पुडा मांडीखाली किंवा पर्सखाली दाबायचा आणि चीर द्यायची.

बाजारातला घडीचा चाकू आणला. आठवड्यातच दुधाची पिशवी कापताना पातं उलटं मिटलं आणि त्यांच्या तर्जनीवर बसलं. दोन हातांच्या माणसाचं बोट कापलं तर बोट कापतं. इंदूताईंचं बोट कापलं तर अंबाडा, बटणं, जेवण, आंघोळ, सगळं बंद. आठ दिवस जाऊबाई राहायला येऊन त्यांना भरवत होत्या. मी बघायला गेले तर इंदूताई घास तोंडात धरून भिंतीकडे बघत बसलेल्या, चावत नव्हत्या.

मग मी रफीकभाईंकडे गेले. शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावण्यात त्यांचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. म्हटलं, पातं अंगठ्याएवढंच हवं, पण उघडलं की अडकलं पाहिजे, खटका दाबल्याशिवाय मिटता कामा नये. रफीकभाई हसले. “मैडम, यह तो रामपुरी हो जाएगा।”

“छोटा रामपुरी बना दीजिए,” मी म्हटलं. “पर इनकी उँगली पर बंद नहीं होना चाहिए।”

त्यांनी शिसवी मुठीचा इतका सुबक चाकू करून दिला की इंदूताईंनी तो हातात घेऊन बराच वेळ नुसता उघडमीट केला. टक. टक. पुढे किती वर्षं तो त्यांच्या पर्समध्ये होता. बँकेत, बाजारात, ओरछ्याच्या देवळात, शाळेच्या निरोप समारंभात. पेढ्यांच्या खोक्याची दोरी त्यांनी त्या समारंभात स्वतः कापली. झाशीत कुणी कधी विचारलं नाही की बाई, चाकू कशाला?

अभय नोकरीसाठी इंग्लंडला गेला. लग्न झालं, रिचा नावाची लखनौची मुलगी, चांगली. तन्वी झाली. त्या नातीला इंदूताईंनी फोनवरच बघितलं होतं. ती चार-पाच वर्षांची झाल्यावर अभयने सहा महिन्यांसाठी बोलावलं. बॅगा भरायच्या आधी इंदूताई चाकू घेऊन माझ्याकडे आल्या. नागरिकशास्त्राच्या बाई त्या. “विमानाचं मला माहीत आहे, मोठ्या बॅगेत टाकायचा. पण उतरल्यावर? तिथल्या रस्त्यावर चालतो का हा?”

मला माहीत नव्हतं. माझी नागपूरची एक मैत्रीण तिकडे याच कामात आहे, तिला विचारलं, जे वाचता आलं ते वाचलं. विमानाचा नियम वेगळा आणि देशाचा कायदा वेगळा, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. विमानाने सोडलं म्हणजे रस्त्यावर चाललं, असं होत नाही. इंग्लंडमध्ये सहज मिटणारा छोटा चाकू खिशात चालतो. पण उघडल्यावर अडकणारा असेल तर तो स्वयंपाकघरातल्या सुरीच्या रांगेत बसतो, आणि तो बाहेर बाळगायला रास्त कारण लागतं. म्हणजे जो खटका इंदूताईंचं बोट वाचवत होता, तोच त्यांना गुन्हेगार करत होता. पुढे एकजण जर्मनीला निघाला तेव्हा तिथलंही वाचलं. तिथे एका हाताने उघडणारा चाकू घेऊन हिंडायलाच मनाई आहे. का, तर गुंड एका हाताने झटकन उघडतात. ज्याला दुसरा हातच नाही त्याने काय करायचं? तिथेही रास्त कारणाची सूट आहे म्हणे.

पण ही सूट आधी अर्ज करून, शिक्का मारून कुणी देत नाही. ती तुम्ही रस्त्यात, त्या क्षणी, समोर उभ्या असलेल्या पोलिसाला तोंडाने सांगायची. त्याला पटलं तर पटलं, नाही तर कोर्टाला पटवायचं.

म्हणून मी रुग्णालयाच्या कागदावर पत्र लिहिलं, हाडांच्या डॉक्टरांची सही घेतली, आणि इंदूताईंना इंग्रजी वाक्य पाठ करायला लावलं. त्यांना इंग्रजी वाचलेलं समजे, बोललेलंही सावकाश समजे, पण बोलायला जीभ वळत नसे. मी पोलीस व्हायचे. खुर्चीवरून उठून दरडावायचे, “व्हॉट इज धिस?” आणि इंदूताई सांगायच्या की मला एकच हात आहे, डायबेटीस आहे, अन्न आणि औषधं मी स्वतः याने उघडते. चार दिवस हा तास चालला. शेवटच्या दिवशी त्या हसून म्हणाल्या, “इतकी वर्षं मुलींना हक्क आणि कर्तव्यं शिकवली. आता तोंडी परीक्षा द्यायला लंडनला चालले.”

त्या निघाल्या तेव्हा मला अभिमान वाटत होता. सगळं केलं होतं आम्ही.

सहा महिन्यांनी त्या परत आल्या आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या. तिथे काय झालं ते त्यांनी एका सुरात सांगितलं, वर्गात धडा वाचावा तसं.

दुपारी तन्वीला घेऊन त्या घराजवळच्या बागेत गेल्या होत्या. तन्वी घसरगुंडीवर. इंदूताईंना दरदरून घाम सुटला, हात कापायला लागला. साखर उतरली हे त्यांना कळलं. पर्समध्ये बिस्किटं होती. चाकू काढला, पुडा मांडीखाली दाबला, चीर दिली, दोन बिस्किटं खाल्ली आणि डोळे मिटून बाकावर बसल्या. चाकू शेजारी उघडाच. मुलांच्या घसरगुंडीपाशी एक परकी म्हातारी पातं उघडं टाकून बसली आहे, हे पाहून कुणीतरी आईने पोलिसांना फोन केला.

एक पोलीस आणि एक पोलीसबाई आले. इंदूताई उठून उभ्या राहिल्या आणि वाक्य म्हणाल्या. एकदा अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. मग पत्र काढून दिलं. पोलीसबाईंनी ते उभ्याने नीट वाचलं. पदराखालची रिकामी बाही बघितली. खाली पडलेली बिस्किटं उचलून दिली, आता बरं वाटतंय का विचारलं.

“मला वाटलं, झालं,” इंदूताई म्हणाल्या. “शैला, मला इतका आनंद झाला होता! परीक्षेत पहिली आल्यासारखा.”

पण सोबत लहान मूल होतं, बाईंना भाषा नीट येत नव्हती, म्हणून घरच्या कुणाला बोलवा, असं पोलीस म्हणाला. अभय ऑफिसातून धावत आला. पोलीसबाईंनी त्याला विचारलं, तुमच्या आईला हा चाकू लागतो का? सगळं त्या स्वतः करतात, हे खरं का?

अभय म्हणाला, नाही. तिला यातलं काही करता येत नाही. आम्हीच तिचं सगळं करतो. चाकू कशाला घेऊन आली, मला माहीत नाही.

इंदूताईंना प्रत्येक शब्द समजला. पोलीसबाई त्यांच्याकडे वळल्या आणि विचारलं, मुलगा म्हणतो ते बरोबर आहे? तेव्हा अभय हळूच मराठीत म्हणाला, “आई, हो म्हण. घरी सांगतो.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. यस म्हटलं.”

कारण उरलं नाही, म्हणून चाकू जप्त झाला. नाव लिहून घेतलं, समज दिली, प्रकरण मिटलं. पोलीसबाईंनी पत्र घडी करून परत दिलं, पण जाताना इंदूताईंकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रिचा त्यांना पाव कापून देऊ लागली.

मी भयंकर चिडले. म्हटलं, अभयला लाज वाटली असेल, शेजारपाजारची, ऑफिसची. थोड्या दिवसांनी अभय रजा घेऊन झाशीला आला आणि सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या घरी येऊन बसला, तेव्हा खरी गोष्ट कळली.

“मावशी, लाज-बीज काही नाही,” तो म्हणाला. “मला आईला कायमचं न्यायचंय. ती इथे एकटी. साखर उतरली आणि कुणी नसलं तर? पण तिकडचा नियम असा आहे की म्हाताऱ्या आई-वडलांना कायमचं तेव्हाच येऊ देतात जेव्हा ते स्वतःचं काहीच करू शकत नाहीत. नहाना, कपड़े, खाना, कुछ नहीं. जो स्वतःचं करतो त्याला म्हणतात, मग राहा की आपल्या देशात. आणि आई पोलिसांपुढे उभी राहून सांगतेय की मी सगळं स्वतः करते! ते कागदावर गेलं असतं तर सगळं संपलं असतं. मी काय बोलायला हवं होतं, तुम्हीच सांगा.”

मी मनात हिशेब मांडला.

एका कायद्यापुढे म्हणायचं, मी धडधाकट आहे, माझं मी करते, म्हणून मला चाकू लागतो. दुसऱ्यापुढे म्हणायचं, मला काही येत नाही, म्हणून मला मुलगा लागतो. दोन्ही एकाच देशाचे.

अभयचं मागणं सरळ होतं. इंदूताईंना वर्षानुवर्षं मी तपासलेलं, माझ्या सहीला वजन होतं. मी लिहून द्यायचं की त्यांना रोजचं कुठलंही काम करता येत नाही.

“अभय, मी त्यांना शिकवलंय,” मी म्हटलं. “हे मी कसं लिहू?”

“शिकवलंत म्हणूनच तर अडलंय ना मावशी!” तो एकदम म्हणाला. मग ओशाळला, पाणी प्यायला, आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी इंदूताई आल्या. रुग्णालयात, माझ्या खोलीत. पेशंटच्या खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर ठेवला. म्हणाल्या, “तपास मला.”

मी गंमत समजून बटणांची फळी पुढे केली. आमच्याकडे एक फळी असते, तिच्यावर बटणं, कड्या, चाप, नाड्या लावलेल्या असतात. इंदूताई ती डोळे मिटून करत असत.

“जमत नाही,” त्या म्हणाल्या.

“इंदूताई!”

“जमत नाही म्हणते ना. लिही.”

मी फळी बाजूला ठेवली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, “तुम्ही पोलिसांपुढे उभ्या राहून जे वाक्य म्हणालात, ते खोटं होतं का?”

“ते खरं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि त्याचं काय झालं? तू मला सगळं शिकवलंस, मी नाही म्हणत नाही. पण त्या शिकलेल्याचं मी करू काय, शैला? एकटीने पेरू कापू आणि एकटीने खाऊ? तन्वी मला फोनवर ‘आजी कब आओगी’ विचारते. तिला काय सांगू, मला बटणं लावता येतात म्हणून येत नाही?”

मी नाही म्हटलं. नोकरीभर मी एकच गोष्ट सही करून सांगत आले होते, या माणसाला काय करता येतं. ती सही उलटी फिरवणं माझ्याने होईना. यात मी फार मोठं काही केलं असं मला वाटत नाही, आणि चुकले असंही वाटत नाही. नाही म्हटलं, एवढंच. इंदूताई उठल्या. जाताना पर्सची चेन त्यांनी एका हाताने सर्रकन लावली, सवयीने. ते त्यांच्या लक्षात आलं, माझ्याही.

त्यानंतर दोन गल्ल्यांचं अंतर शहराच्या दोन टोकांएवढं झालं. संक्रांतीला त्यांच्याकडून बोलावणं आलं नाही. मी गेले नाही.

प्रमाणपत्र अर्थातच मिळालं, दुसरीकडून. न मिळायला काय झालं? त्यात लिहिलं होतं की त्यांना भरवावं लागतं, आंघोळ घालावी लागते. अर्ज गेला आणि फेटाळला गेला. कारण असं दिलं की इतकी काळजी लागत असेल, तर ती झाशीत बाई ठेवूनही घेता येते. अभयने अपील केलं. वकिलाने सांगितलं, मग बाई ठेवा, बघा ती पुरते का. कागदावर जे आहे तसंच घरात दिसलं पाहिजे. उद्या कुणी चौकशीला आलं, शेजाऱ्यांना विचारलं, तर?

हे मला मंडळाच्या गणपतीत कळलं. आरतीनंतर प्रसादाच्या वेळी बायका आपसात बोलत होत्या की इंदूताईंचं फार झालंय बिचारीचं, हल्ली हातही उचलत नाहीत. मी तशीच उठले आणि त्यांच्या घरी गेले. दीड वर्ष तरी मध्ये गेलं असेल, तोवर मी निवृत्तही झाले होते.

दार रामकलीने उघडलं. दिवसभर राहायला ठेवलेली बाई. इंदूताई पलंगावर बसल्या होत्या, वजन वाढलेलं, अंबाडा दुसऱ्याच्या हातचा, वाकडा. समोर ताट होतं. रामकली पुन्हा स्टुलावर बसली, पोळीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला. “काए बाईसाब, कौर और छोटो कर दें?” इंदूताईंनी मान हलवली आणि तोंड उघडलं.

मी दार आतून लावलं. म्हटलं, “इंदूताई, दारं बंद आहेत. मी आहे आणि ही आहे. आता तरी आपल्या हाताने खा.”

“अपील चालू आहे,” त्या म्हणाल्या. “अपील लागेपर्यंत मला काही येत नाही.”

त्यात थट्टा नव्हती. रामकली कधी काय बोलेल सांगता येत नाही, शेजारचे खिडकीतून बघतात, असं त्यांनी नंतर ती पाणी भरायला गेल्यावर सांगितलं. सुरुवातीला रात्री दार लावून त्या हळूच करत असत, केस विंचरणं, बटणं. मग कंटाळा आला. मग राहिलंच.

मी त्यांच्याजवळ बसले आणि सवयीने त्यांचा हात हातात घेतला. बोटं उघडली, मनगट फिरवलं, कोपर वाकवलं. मग हात वर उचलायला गेले आणि तो खांद्याच्या खालीच अडकला. इंदूताई कळवळल्या. पुन्हा सावकाश करून बघितलं. मागे जात नव्हता, बाहेरही जात नव्हता. डायबेटीसच्या माणसाचा न वापरलेला खांदा असा धरतो. त्या हाताने आता अंबाडा होणार नव्हता, ब्लाउज होणार नव्हता, फळीवरचा डबा निघणार नव्हता. घास तोंडापर्यंत कसाबसा गेला असता, मान खाली वाकवून.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी काही बोलायच्या आतच त्यांना कळलं.

“खरंच येत नाही का गं आता?”

“हल्ली नाही,” मी म्हटलं. “पण बरा होईल. मी रोज येईन. तीन-चार महिने दुखेल, पण वर जाईल.”

त्यांनी हात सोडवून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “बरा होईल ना? मग आत्ता नको. आधी लिही.”

मी पर्समधून पेन काढलं. कागद त्यांनीच दाखवला, कपाटावर होता, मला उठून काढावा लागला. तपासणी पुन्हा एकदा रीतसर केली, कोन मोजले आणि लिहिलं. कपडे घालता येत नाहीत. केस विंचरता येत नाहीत. आंघोळीला मदत लागते. सही केली, खाली हुद्दा लिहिला, माजी. एकही अक्षर खोटं नव्हतं.

बाई ठेवूनही खांदा गेला, म्हणजे बाई पुरत नाही, असं मानून अपील मंजूर झालं. अभय येऊन त्यांना घेऊन गेला. मी खांद्याचे व्यायाम कागदावर चित्रं काढून दिले होते, इंदूताईंच्या बॅगेत स्वतः ठेवले.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. आवाज चांगला होता. तन्वी शेजारीच बसलेली, आजीला संत्र्याची फोड भरवत होती. मी विचारलं, “व्यायाम करता ना?”

“कशाला गं?” इंदूताई म्हणाल्या. “इथे सगळं हातात मिळतं.”